एकच पुस्तक, एकच फळा

सगळ्या मुलांना एकच पुस्तक, एकच फळा आणि एकच मास्तर दिले की समानता आली, असे आपण सहज म्हणतो. मीही जन्मभर मास्तरकीच केली, म्हणून अमेरिकेतला एक जुना खटला सांगावासा वाटतो.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाई लोकांना अधिक उघडली. पुढे १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी वंशाची मुले होती. सुमारे १,००० मुलांना इंग्रजीची जादा शिकवणी मिळे. उरलेली १,८०० वर्गात नुसती बसून असत. शेजारच्या बाकावरच्या अमेरिकन मुलाला तीच भाषा आईच्या मांडीवर मिळालेली!

पालक कोर्टात गेले. खालची न्यायालये म्हणाली, सर्वांना सारखेच मिळते, मग शाळेचा काय दोष? २१ जानेवारी १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे खोडून काढले. न्यायमूर्ती डग्लस यांनी निकालपत्रात सांगितले की, ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. आधार होता १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा.

आपल्याकडे तांड्यावरून आलेली, घरी गोरमाटी बोलणारी मुले पहिलीत अशीच गप्प बसतात. त्यांना 'मठ्ठ' म्हणण्याआधी मास्तरांनी हा निकाल जरूर आठवावा.