दंडावरचा सेन्सर आणि मेणावरचे कुंकू

साखर मोजण्यासाठी दंडावर लावलेला सेन्सर चौदा दिवस टिकावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेकांच्या बाबतीत चार-पाच दिवसांत त्याची कड सुटू लागते आणि एखाद्या सकाळी तो उशीवर पडलेला सापडतो. अशा वेळी रुग्णाला ऐकावे लागणारे बोल ठरलेले असतात: नीट लावला नसेल, आंघोळीत घासला असेल, कुशीवर झोपला असाल. सगळा दोष त्याच्या पदरात टाकून विषय मिटवला जातो. हा निवाडा चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का, हे जुन्या व्यवहारांकडे पाहिले की कळते. घामेजल्या त्वचेवर एखादी वस्तू टिकवून धरणे ही आपल्या उष्ण मुलखातली फार जुनी अडचण आहे. शेगावसारख्या वऱ्हाडातल्या गावांत घरोघरी तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या तोडगे चालत आले. त्या तोडग्यांमागची समज सेन्सरच्या खोक्यात आलेली नाही, आणि ती पुरवण्याचे काम एकट्या रुग्णावर टाकणे अन्यायाचे आहे.

मुळात साखर मोजण्याचा चिकटवण्याशी संबंध अगदी अलीकडे आला. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या स्टॅन्ली बेनेडिक्टने निळे द्रावण दिले. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळले की साखरेच्या प्रमाणात हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग पालटत जाई. ही परीक्षा आपल्याकडच्या दवाखान्यांत कित्येक दशके चालली. 1960च्या दशकात रक्ताच्या थेंबाची पट्टी आली, 1970मध्ये तिचा रंग वाचणारे यंत्र आले. या सगळ्या प्रवासात नमुना शरीरातून बाहेर काढला जाई आणि परीक्षा टेबलावर होई. लेलँड क्लार्क यांनी 1962मध्ये विकर लावलेल्या विद्युदग्राची कल्पना मांडली आणि पुढे त्या वाटेने उपकरणच शरीरावर मुक्कामाला आले. 1999मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला पहिला सततमापक तीन दिवसांपुरता होता आणि त्याचे आकडे नंतर डॉक्टर वाचत. आज सेन्सरची चकती चौदा दिवस राहावी अशी मागणी आहे. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत रसायनशास्त्र पुष्कळ पुढे गेले आणि खालच्या डिंकावरचा भार जवळजवळ पाचपट झाला. एरवी किरकोळ वाटणारा चिकटपणा आता मोजमापाचाच भाग होऊन बसला आहे. त्वचेखाली गेलेला तंतू जेमतेम पाच मिलिमीटर लांब असतो. चकती थोडी उचलली गेली की तो जागेवरून सरकतो, आणि एकदा बाहेर आलेला सेन्सर पुन्हा आत घालता येत नाही.

कुंकवाचा इतिहास इथे उपयोगी पडतो तो यासाठीच. हळदीला टाकणखार किंवा चुना आणि लिंबाचा रस यांची जोड देऊन तयार केलेली ही पूड. पंढरपूर आणि करमाळा तालुक्यातले केम ही तिची नावाजलेली ठिकाणे. वारीहून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत बुक्क्याबरोबर कुंकवाची पुडी असायचीच. पण कोरडी पूड कपाळावर किती वेळ टिकणार? शेतात निंदणाला गेलेल्या बाईच्या कपाळावरून ती दुपारच्या आत घामाबरोबर ओघळणार. म्हणून फणेरपेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची लहान डबी असे. मधाच्या पोळ्याचे मेण, बहुधा थोड्या तेलाने मऊ केलेले. सकाळी तोंड धुऊन, कपाळ पुसून, अगदी कोरडे करून बोटाच्या टोकावर कणभर मेण घ्यायचे, बोटाच्या उबेने ते सैल करायचे, कपाळावर गोल फिरवून बसवायचे आणि मग त्यावर कुंकू दाबायचे. दिवेलागणीपर्यंत ते हलत नसे. यातली एकेक पायरी नीट पाहावी. त्वचा आधी कोरडी. मग पाण्याला न जुमानणारा, पण कपाळाला आठ्या पडल्या तरी त्यांच्याबरोबर वाकणारा थर. त्यानंतर जी वस्तू टिकवायची ती, आणि शेवटी उबदार बोटाचा दाब. आजच्या चिकटपट्टीचे शास्त्र याहून वेगळे सांगत नाही. दाबाने चिकटणारा डिंक त्वचेच्या बारीक रेषांत उतरायला थोडी ऊब, थोडा दाब आणि थोडा वेळ लागतो. ओलावा किंवा तेलाचा पातळ पापुद्रा मध्ये आला तर तो त्वचेला धरण्याऐवजी त्या पापुद्र्यालाच धरतो. अंगाला खोबरेल लावण्याची सवय असलेल्या घरात सेन्सर लवकर सुटण्याचे कारण बहुधा इथेच सापडेल.

यावर कोणी म्हणेल की कुंकू रोज नव्याने लागे, सेन्सर चौदा दिवसांचा आहे, मग ही तुलना कसली? आक्षेप खरा आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर साधारण दोन आठवड्यांत पूर्ण बदलतो. डिंक ज्या पेशींना धरून असतो, त्या स्वतःच रोज थोड्या थोड्या गळत असतात. चौदा दिवस चिकटून राहा असे सांगणे म्हणजे वरचा सबंध थर बदलेपर्यंत राहा असे सांगणे होय. जुन्या व्यवहाराने ही अट कधी घातलीच नाही. सुश्रुतसंहितेत व्रणावरच्या लेपाचा आणि बंधांचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात पित्तप्रधान जखमेची पट्टी उन्हाळ्यात व शरदात दिवसातून दोनदा बदलावी, कफप्रधान जखमेची हेमंत-वसंतात तिसऱ्या दिवशी, असा भेद केलेला आहे. कोणत्या अवयवावर घट्ट बांधावे आणि डोळे व सांधे अशा ठिकाणी सैल का ठेवावे, हेही तिथे सांगितले आहे. ऋतू आणि जागा पाहून पट्टीचा नियम बदलतो, ही जाण त्या ग्रंथात स्पष्ट दिसते. आज लातूरच्या पावसाळ्याला, लंडनच्या हिवाळ्याला आणि शेगावच्या वैशाखाला खोक्यावर एकच आकडा छापलेला असतो.

शेगावचा वैशाख म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावे लागते. पारा 45 अंशांवर जातो, पण हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसेपर्यंत उडून जातो आणि मागे मिठाची खर उरते. तेव्हा मेमध्ये सेन्सर पडणार नाही, असा तर्क कोणी केला तर तो अर्धाच बरोबर. वऱ्हाडातले घर उन्हाळ्यात कूलरवर जगते. पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत, आता यंत्र तेच करते: कोरड्या हवेत ओल मिसळते. दिवसभर खारवलेली त्वचा रात्री दमट खोलीत, अंथरुणावर दाबलेल्या दंडाखाली भिजते. मग मृग लागतो आणि दमटपणा बाहेरही येतो. याच सुमारास, ज्येष्ठात, गजानन महाराजांची पालखी शेगावहून पायी पंढरपूरला निघते. सुमारे सातशे किलोमीटरची ही चाल. परतीची वाट धरून पालखी श्रावणात गावी पोचते. पांढऱ्या पोशाखातले वारकरी ओळीने चालतात, कुणाच्या हातात टाळ, कुणाच्या खांद्यावर पताका. टाळ वाजवताना दंडाचा स्नायू सतत आकुंचन पावतो, पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरून दंडावर घासतो, सदरा पावसात भिजून अंगावरच वाळतो. मधुमेही माणसाला या वाटेवर साखरेवर नजर हवीच; भरपूर चाल आणि वेळी-अवेळी मिळणारा महाप्रसाद यांच्यामध्ये ती झपाट्याने खाली-वर होते. म्हणजे उपकरणाची जिथे सर्वांत जास्त गरज, तिथेच ते सुटण्याची सर्व कारणे एकत्र येतात. त्यात रुग्णाची बेपर्वाई कुठे आहे?

शिवाय दंड या जागेचा आपल्याकडे स्वतंत्र इतिहास आहे. कपाळावर चिकटवले, पण दंडावर मात्र बांधले. ताईत काळ्या दोऱ्यात, वाकी स्नायूच्या वर बसेल अशी दाबून. दंड जाडीने बदलतो, कामात फुगतो, वस्त्राशी घासतो. तिथे चिकटवलेल्यापेक्षा बांधलेले टिकते, हे सगळ्यांनाच माहीत होते. आज सेन्सरवरून जाणारा मऊ लवचिक पट्टा किंवा वरून लावायची जादा पट्टी विकली जाते, आणि ते काम ताईताच्या दोऱ्याचेच आहे. हा पट्टा फक्त हौस म्हणून मिळावा आणि मूळ संचात नसावा, याला मला सबळ कारण दिसत नाही.

मग डिंकच अधिक जोरकस का करू नये? हा उपाय करून पाहिलेला आहे आणि त्याची किंमत त्वचेने मोजली आहे. मेणाची डबी जाऊन गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटणारी टिकली आली. सोय मोठी होती, पण काही बायकांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटू लागला. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचा माग काढला तेव्हा डिंकातले पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे द्रव्य दोषी ठरले. ते त्वचेतल्या रंगपेशींनाच मारते. सेन्सरच्या बाबतीत 2017मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांनी असाच धागा सोडवला. लाल, खाजरा, पाणी सुटणारा पुरळ घेऊन येणाऱ्या रुग्णांत आयसोबॉर्निल ॲक्रिलेटची ॲलर्जी आढळली. गंमत म्हणजे ते द्रव्य त्वचेला लागणाऱ्या डिंकात नव्हते, चकतीचे प्लास्टिक जोडणाऱ्या डिंकात होते आणि तिथून झिरपत आले होते. परिचारिका पट्टीखाली टिंक्चर बेंझोइन लावतात, ते लोबानाचेच द्रावण. पकड वाढते, पण तेही काहींना सोसत नाही. म्हणून पुरळ उठल्यावर वरून आणखी चिकट पट्टी मारणे हा धोक्याचा उपाय आहे. तिथे सेन्सर काढून डॉक्टरांना दाखवणे हाच मार्ग.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: हजारोंच्या घरात किंमत असलेल्या वस्तूची चिंता शेगावात कशाला, बोटाला टोचून काम भागत नाही का? पुष्कळांचे भागते, आणि गोळ्यांवर साखर स्थिर असलेल्यांनी या मागे धावू नये असेच मी म्हणेन. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही असल्याचे सांगितले. इन्सुलिनवरची मुले, झोपेत साखर उतरणारी म्हातारी माणसे यांना रात्री दोनचा आकडा हवा असतो, आणि तो बोटाला टोचून रोज कुणी घेत नाही. वस्तू महाग आहे म्हणून तर तिचे अकाली पडणे सामान्य घराला जास्त लागते. श्रीमंत माणूस दुसरा सेन्सर उघडतो. पगारातून पैसे बाजूला काढणारा उरलेले दिवस अंधारात काढतो.

तेव्हा औषधाच्या दुकानात खोक्याबरोबर मराठीत छापलेला एक कागद मिळायला हवा, आणि त्यात जुन्याच पायऱ्या असाव्यात. आदल्या दिवसापासून दंडाला तेल नाही. जागा दंडाच्या मागच्या बाजूची, जिथे हात वाकवताना घडी पडत नाही. केस असतील तर कात्रीने आखूड. साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावी; स्पिरिटचा गारवा जाईपर्यंत थांबावे. लावल्यावर तळहाताने कड दाबून धरावी. आंघोळ आधी उरकावी, नंतर लगेच नको. वारीला, लग्नाला, शेतावर निघताना वरून पट्टा, आणि चकतीत छिद्र असेल तर ते उघडे. कड सुटू लागली तर सुटलेला तेवढाच भाग कापून वर सूक्ष्मछिद्री पट्टी, सबंध चकती दाबून नव्हे. दर खेपेला दंड बदलावा, म्हणजे उघडी झालेली त्वचा भरून येते. आणि मुदत संपल्यावर ओढून काढू नये: कुंकवाचे मेण उतरवायला बायका तेलाचे बोट फिरवत, तसेच कडेने खोबरेल सोडून पाच मिनिटे थांबले की डिंक सैल होतो आणि वरचे कातडे त्याच्याबरोबर येत नाही.