मुंबईचे १६८४ चे ॲडमिरल्टी न्यायालय : चाचा कोण, हे ठरविण्याचा अधिकार

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने ९ ऑगस्ट १६८३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीला एक नवी सनद दिली. तिच्या आधारे कंपनीला आपल्या वसाहतींत सागरी खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन करता येणार होते. रोमन परंपरेच्या दिवाणी कायद्यात पारंगत असा एक न्यायाधीश आणि त्याच्या जोडीला दोन व्यापारी, अशी त्याची रचना होती. समुद्रावर झालेले अपराध व नुकसान, व्यापारी आणि नाविक तंटे, तसेच कंपनीच्या मक्तेदारीचा भंग करून व्यापार करणाऱ्या जहाजांची व मालाची जप्ती, हे सारे त्याच्या कक्षेत येत होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सागरी गुन्ह्यांसाठी इंग्रजांनी स्थापन केलेले हे पहिले खास न्यायालय होय. त्याचे कामकाज मुंबईत १६८४ च्या अखेरीपासून सुरू झाले आणि सहा वर्षांच्या आत ते बंदही पडले. एवढ्या अल्प काळात त्याच्याभोवती जो संघर्ष झाला, त्याचे मूळ एका प्रश्नात होते : समुद्रावर लूट करणारा कोण आणि हक्काने जहाज पकडणारा कोण, हे ठरवायचे कोणी?

मुंबई बेट पोर्तुगालकडून १६६१ च्या विवाहतहाने इंग्रज राजाकडे आणि १६६८ मध्ये कंपनीकडे आले होते. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने १६७२ मध्ये तेथे इंग्रजी कायद्यानुसार न्यायदान सुरू केले आणि जॉर्ज विलकॉक्स यास न्यायाधीश नेमले. ते न्यायालय मात्र बेटावरच्या तंट्यांपुरते होते. समुद्र त्याच्या आवाक्याबाहेर होता. इंग्लंडमध्येही समुद्रावरील गुन्ह्यांची व्यवस्था निराळी होती. ॲडमिरल्टी न्यायालय रोमन कायद्याने चाले, तेथे ज्युरी नसे. आणि आरोपीची कबुली किंवा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार यांवाचून मृत्युदंड देता येत नसे. चाचे क्वचितच साक्षीदार जिवंत ठेवीत, म्हणून आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३६ च्या कायद्याने, असे फौजदारी खटले इंग्लंडमध्ये विशेष आयोगापुढे आणि ज्युरीसमोर चालविण्याची तरतूद झाली. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर पकडलेल्या इंग्रज चाच्याला शिक्षा द्यायची, तर त्याला साक्षीदारांसह हजारो मैलांवरील लंडनला न्यावे लागे.

तरीही १६८३ ची सनद मागताना कंपनीच्या मनात चाच्यांपेक्षा दुसराच वर्ग होता. परवान्याविना पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांनी तिला हैराण केले होते. हे लोक कोणाची लूट करीत नव्हते. सुरतेत रोख दाम मोजून कापड घेत आणि लंडनला विकत. परंतु मक्तेदारीच्या दृष्टीने लुटारू आणि बिनपरवाना व्यापारी यांत फारसा फरक नव्हता. थॉमस सँडिस या अशाच एका व्यापाऱ्याविरुद्ध कंपनीने लंडनमध्ये दावा लावला. तो दीर्घकाळ गाजला आणि अखेर न्यायमूर्ती जेफ्रीज यांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. असे दावे लंडनमध्ये वर्षानुवर्षे लढविण्याऐवजी जहाज पूर्वेतच पकडून तेथेच त्याची जप्ती कायम करून घेणे कंपनीला कितीतरी सोयीचे होते. समुद्री गुन्ह्यांसाठी मागितलेल्या न्यायालयाचा पहिला उपयोग असा व्यापारी प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध योजलेला होता.

सनद मुंबईत पोहोचेपर्यंत मुंबईच कंपनीच्या हातून निसटली. पगारकपात आणि सुरतेच्या अध्यक्षाचा जाच यांना कंटाळलेल्या शिबंदीने कॅप्टन रिचर्ड केग्विन याच्या नेतृत्वाखाली २७ डिसेंबर १६८३ रोजी बंड केले, डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड यास अटकेत टाकले आणि बेट राजाच्या नावाने ताब्यात घेतले. केग्विनने जवळजवळ अकरा महिने कारभार केला. छत्रपती संभाजी महाराजांशी तहही केला. राजाचा आदेश घेऊन सर थॉमस ग्रँथम आल्यावर नोव्हेंबर १६८४ मध्ये त्याने माफीच्या अटीवर बेट परत दिले. कंपनीच्या दृष्टीने तो बंडखोर, स्वतःच्या दृष्टीने राजाचा एकनिष्ठ सेवक. आणि राजाने त्याला शासन केले नाही. नव्या न्यायालयाला सुरुवातीलाच असे तापलेले वातावरण लाभले.

न्यायाधीश म्हणून डॉ. जॉन सेंट जॉन याची निवड झाली. तो दिवाणी कायद्याचा विद्वान होता. त्याच्याकडे कंपनीचे नेमणूकपत्र तर होतेच, शिवाय खुद्द राजाचे अधिकारपत्रही होते. लंडनमधील कचेरीत हा दुहेरी आधार भूषणावह वाटला असेल. मुंबईत तोच भांडणाचे कारण ठरला. सर जॉन चाइल्ड हा तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरील कंपनीचा सर्वाधिकारी होता. (लंडनमधील कंपनीचा सूत्रधार सर जोसाया चाइल्ड याचा तो भाऊ असल्याचे जुन्या पुस्तकांत आढळते, ते खरे नव्हे.) न्यायाधीश हा आपल्या हाताखालचा नोकर, अशी चाइल्डची समजूत होती. सेंट जॉन मात्र स्वतःला राजाचा न्यायाधीश मानीत होता आणि सागरी खटल्यांबरोबर बेटावरील सामान्य खटलेही चालवू पाहत होता. चाइल्डने १६८५ मध्ये बेटावरील न्यायदान वेगळे काढून जॉन व्हॉक्स या कंपनीच्या नोकराकडे सोपविले आणि सेंट जॉनला सागरी प्रकरणांपुरते मर्यादित केले. तेढ वाढतच गेली. शेवटी कंपनीने सेंट जॉनला पदावरून दूर केले आणि त्याचेही काम व्हॉक्सकडे गेले.

व्हॉक्ससंबंधी एक हकिकत अलेक्झांडर हॅमिल्टन या खलाशी-व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात दिली असून ते पुस्तक १७२७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेमणूक झाल्यावर व्हॉक्सने आपण इंग्लंडच्या कायद्यानुसार न्याय करू, अशा आशयाचे पत्र जोसाया चाइल्डला लिहिले. त्याला उलट समज मिळाली, की कायदा म्हणजे काही अडाणी खेडवळ जमीनदारांनी रचलेला गोंधळ. न्यायाधीशाने कंपनीच्या हुकमालाच कायदा मानावे. हॅमिल्टन कंपनीचा टीकाकार होता आणि त्याच्या लेखणीला तिखटपणा होता, हे ध्यानात ठेवूनच ही हकिकत वाचावी. परंतु सेंट जॉनच्या वाट्याला जे आले ते पाहता ती अविश्वसनीय वाटत नाही.

त्याच सुमारास कंपनीने मोगलांशी युद्ध आरंभिले आणि सर जॉन चाइल्डच्या हुकमावरून सुरतेच्या व्यापाऱ्यांची जहाजे समुद्रावर पकडण्यात आली. सुरतेच्या सावकाराला विचारले असते, तर हीच चाचेगिरी असे त्याने निःसंशय सांगितले असते. मुंबईच्या न्यायालयात अर्थातच तसा खटला उभा राहणे शक्य नव्हते. उत्तर दुसऱ्या मार्गाने आले. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान १६८९ मध्ये मोगलांच्या वतीने मुंबईवर उतरला आणि किल्ल्याखेरीज जवळपास सर्व बेट त्याने व्यापले. कंपनीला १६९० मध्ये औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला. या धामधुमीत मुंबईतील न्यायालये बंद पडली. व्यवस्थित न्यायदान पुन्हा सुरू होण्यास १७१८ साल उजाडावे लागले.

खऱ्या चाच्यांचा प्रश्न लगेचच विक्राळ रूपात पुढे आला. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे येणारे ‘गंज-ए-सवाई’ हे प्रचंड मोगल जहाज लुटले आणि त्यावरील स्त्री-पुरुषांवर अत्याचार केले. सुरतेत संतापाचा डोंब उसळला आणि तेथील इंग्रज वखारीचा प्रमुख सॅम्युएल अॅनस्ली याला सहकाऱ्यांसह कैदेत पडावे लागले. इंग्रज चाच्याला इंग्रजच शिक्षा करू शकत नाहीत, किंवा करू इच्छित नाहीत, असाच मोगल दरबाराचा ग्रह झाला. एव्हरी कधीच हाती लागला नाही. त्याचे काही साथीदार पकडले गेले आणि लंडनमध्ये त्यांच्यावर खटला चालला. पण १६९६ च्या ऑक्टोबरात ज्युरीने त्यांना मोगल जहाजाच्या लुटीच्या आरोपातून चक्क निर्दोष सोडले! सरकारने तातडीने त्यांच्यावर मूळ इंग्रज जहाज पळविल्याचा दुसरा खटला भरला, त्यात ते दोषी ठरले आणि पाच जणांना फाशी झाली.

या नामुष्कीतून तिसऱ्या विल्यमच्या कारकिर्दीतील चाचेगिरी-प्रतिबंधक कायदा जन्मास आला. तो १६९८ चा कायदा म्हणून ओळखला जातो. त्याने साम्राज्यातील वसाहतीच नव्हे, तर किल्ले आणि वखारी येथेही चाच्यांचे खटले चालविण्याची सोय केली. किमान सात जणांचे न्यायपीठ बसवावे. गव्हर्नर, मंडळाचे सदस्य, वखारप्रमुख किंवा राजाच्या जहाजाचे कप्तान यांनी ते बोलवावे. संख्या कमी पडल्यास नामांकित व्यापारी आणि जहाजांचे अधिकारी घेऊन पुरी करावी. ज्युरी नको. मृत्युदंडाची अंमलबजावणीही समुद्रावर किंवा समुद्रालगतच करावी. लंडनच्या ज्युरीने दिलेला धक्का लक्षात घेता ज्युरी वगळण्यामागचे कारण उघड आहे. पण न्यायाधीश आणि लुटीमुळे नुकसान सोसणारा व्यापारी एकाच बाकावर बसण्याची शक्यता त्यामुळे कायम राहिली.

जहाज पकडणे हक्काचे की बेकायदा, हे त्या काळी बहुधा कागदावर ठरे. पोर्तुगीजांनी गोव्यातून सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ देण्याची प्रथा पाडली होती. हा परवाना जवळ नसलेले गलबत पकडावयाचे, असा त्यांचा नियम होता. कॅप्टन विल्यम किडच्या प्रकरणात कागदाचे हे महत्त्व प्राणघातक ठरले. किडला चाचे आणि फ्रेंच जहाजे पकडण्याचा राजाचा परवाना होता. सप्टेंबर १६९७ मध्ये त्याने कारवारला लाकूडफाटा आणि पाणी घेतले. तेथे त्याचे काही खलाशी पळून गेले, आणि पाठोपाठ गोव्याहून आलेल्या दोन पोर्तुगीज लढाऊ जहाजांशी त्याची चकमक झाली. पुढे जानेवारी १६९८ मध्ये त्याने आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल नेणारे ‘क्वेदाह मर्चंट’ पकडले. त्या जहाजाजवळ फ्रेंच परवाना होता, म्हणून ते आपल्याला कायदेशीररीत्या पकडता येते, असा त्याचा बचाव होता. परंतु लंडनमधील खटल्यात तो परवाना त्याला मिळूच शकला नाही आणि २३ मे १७०१ रोजी त्याला फाशी देण्यात आले.

कान्होजी आंग्रे यांच्या बाबतीत हा वाद राज्याच्या सार्वभौमत्वाचा झाला. छत्रपती शाहूंचे सरखेल या नात्याने ते कोकण किनाऱ्यावर दस्तके देत आणि दस्तकाविना जाणारी जहाजे अडवीत. पोर्तुगीजांच्या कार्ताझहून अथवा इंग्रजांच्या परवान्यांहून ही पद्धत तत्त्वतः वेगळी नव्हती. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज पकडले. कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख त्या झटापटीत मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. पुढील वर्षी ३०,००० रुपये खंडणी घेऊन कैदी सोडण्यात आले. इंग्रजी कागदपत्रांनी कान्होजींना सर्रास चाचा म्हटले, तरी त्याच इंग्रजांनी त्यांच्याशी तह केले. चाच्याशी तह करीत नाहीत, त्याच्यावर खटला चालवितात. आंग्रे घराण्याशी असलेला झगडा सात जणांच्या न्यायपीठापुढे कधी गेला नाही. पेशव्यांच्या साहाय्याने फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग घेऊन तो तोफांनी मिटविण्यात आला. कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांनी १८१२ मध्ये घेतले, तेही चाचेगिरीचा बंदोबस्त हे कारण पुढे करून.

मुंबईचे सागरी अधिकारक्षेत्र पुढे १८२३ च्या सनदेने सुप्रीम कोर्टाकडे आणि १८६२ पासून उच्च न्यायालयाकडे आले. १८९१ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील उच्च न्यायालयांना ‘वसाहतींची ॲडमिरल्टी न्यायालये’ असे नावच दिले. ते नाव स्वातंत्र्यानंतरही कायद्याच्या पुस्तकात राहिले. २०१७ चा नवा ॲडमिरल्टी कायदा १ एप्रिल २०१८ रोजी अमलात आल्यावर ते पुसले गेले. तो कायदा मात्र दिवाणी दाव्यांचा आहे.

फौजदारी बाजू अधिक काळ अंधारात राहिली. १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे ॲल्युमिनियम नेणारे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियाजवळ पळविले गेले. चाच्यांनी त्याचे नाव बदलले होते. तटरक्षक दल आणि नौदलाने ते अरबी समुद्रात गाठले आणि १५ जणांना मुंबईत आणले. दंड संहितेत चाचेगिरीची व्याख्या नव्हती. दरोडा आदी कलमांखाली खटला उभा करावा लागला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा २००५ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. २०११ मध्ये नौदलाने पकडलेल्या सोमाली चाच्यांचे खटलेही मुंबईतच वर्षानुवर्षे रेंगाळले.

संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये सागरी चाचेगिरी-विरोधी कायदा संमत केला आणि तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. त्यात चाचेगिरीची व्याख्या आहे, जन्मठेपेची शिक्षा आहे आणि चाचेगिरीत कोणाचा मृत्यू झाल्यास मृत्युदंडाचीही तरतूद आहे. खटल्यांसाठी सत्र न्यायालये नामनिर्देशित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. परंतु त्यासाठी संबंधित उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करणे त्याला बंधनकारक आहे. परदेशी जहाजावरील गुन्ह्याची दखल घेण्यासाठी त्या जहाजाचा ध्वजदेश, मालक किंवा जहाजावरील व्यक्ती यांच्याकडून हस्तक्षेपाची विनंती यावी लागते. मार्च २०२४ मध्ये ‘एमव्ही रुएन’ या जहाजावरून १७ खलाशांची सुटका करून नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ चाच्यांना २३ मार्च रोजी मुंबई पोलिसांच्या स्वाधीन केले, तेव्हा हा कायदा हाताशी होता. गोवा मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारक्षेत्रात येतो. त्यामुळे गोव्यात असे न्यायालय नामनिर्देशित करावयाचे झाल्यास विचारविनिमय त्याच उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी करावा लागेल.