वाशिमचा मिशन दवाखाना : अशांत काळातील वाटचाल

वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तेथील मेथडिस्ट मिशनचे काम १९३०च्या दशकात चर्च ऑफ द नाझरीनने हाती घेतले. या मंडळीचे सेवक बुलढाणा भागात आधीपासूनच कार्यरत होते. १९३६ साली डॉ. ऑर्फा स्पायकर अमेरिकेहून आल्या आणि १९३८ मध्ये मिशनच्या जुन्या शाळेत रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. मंडळीच्या मिशनकार्याचे धुरीण हायरम रेनॉल्ड्स त्याच वर्षी निवर्तले. त्यांचेच नाव दवाखान्याला मिळाले.

आरंभीची साधने तुटपुंजी होती. डॉ. स्पायकर शस्त्रक्रिया करीत आणि नव्या बांधकामावर देखरेखही ठेवीत. पुरुष डॉक्टरकडे जायला संकोचणाऱ्या बायांना स्त्री डॉक्टरचा केवढा आधार वाटला असेल!

लगेच दुसरे महायुद्ध पेटले. १९४१ च्या अखेरीस डॉ. एव्हलिन विटहॉफ आणि त्यांच्या सहकारी जेराल्डिन चॅपेल भारताकडे निघाल्या होत्या. वाटेत मनिला येथे त्या जपान्यांच्या हाती सापडल्या. तेथील सांतो तोमास कैदी छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ त्यांनी उपासमार सोसली. फेब्रुवारी १९४५ मध्ये सुटका झाल्यावर मायदेशी राहण्याचा मार्ग मोकळा होता. त्यांनी मात्र भारतात येण्याचा शब्द पाळला. डॉ. विटहॉफ वाशिमच्या दवाखान्यात रुजू झाल्या. या वाटचालीतील श्रद्धेचे याहून मोठे प्रमाण दुसरे नाही.

इकडे ऑगस्ट १९४२ मध्ये ‘भारत छोडो’ आंदोलनात अमरावती जिल्ह्यातील यावली आणि बेनोड्यात गोळीबार झाले. अशा दिवसांत परदेशी मिशनकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविकच होते. पुढे फाळणी झाली. वाशिमच्या दक्षिणेला हिंगोलीचा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि सप्टेंबर १९४८ मध्ये त्या राज्यावर झालेल्या पोलीस कारवाईपर्यंत ती सीमा धगधगत राहिली. ख्रिस्ती आशेची कसोटी अशाच वेळी लागते. प्रार्थनेनंतर वॉर्डात जाऊन समोरच्या रुग्णाची जखम धुणे, हाच या संस्थेचा उपदेश होता.

दवाखान्यातील नर्सिंग प्रशिक्षणाची घडी मिशनच्या जीन डार्लिंग यांनी बसवली. येथे शिकलेल्या परिचारिका हेच दवाखान्याचे खरे बळ ठरले. कंपाउंडर, स्वयंपाकी, सफाई कामगार आणि मंडळीतील मराठी पाळक यांच्याविना एकही वॉर्ड चालला नसता. सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर १९७६ साली डॉ. स्पायकर निवृत्त झाल्या. कालांतराने कारभाराची सूत्रे भारतीय हातांत आली आणि गावोगावच्या आरोग्यकार्याचीही जोड मिळाली.

दरम्यान वाशिमसह वऱ्हाड मध्य प्रदेशातून १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला.

परदेशी डॉक्टरांची नावे मिशनच्या इतिहासात नोंदली गेली. मराठी परिचारिकांच्या नोंदी मात्र घराघरांत विखुरल्या आहेत. ज्या कुटुंबांकडे त्यांची प्रमाणपत्रे, पत्रे, छायाचित्रे असतील, त्यांनी ती नीट जपावीत आणि प्रती दवाखान्याकडे द्याव्यात.