निवडुंग ते झटका मशीन : आपल्या शिवारातल्या कुंपणाची गोष्ट

परवा कुंडलच्या बाजूला एका मित्राच्या रानात गेलो होतो. बांधावर पाटी, 'सावधान, झटका'. खांबावर सोलरची छोटी प्लेट, खाली डबा, त्यातनं टिक... टिक... आवाज. बोलता बोलता तारेला बोट लागलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मित्र हसला. मी मात्र घरी येईपर्यंत कुंपणाचाच विचार करत होतो.

मंडळी, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आले. जागा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिली. तेव्हा तो माळ निवडुंगानं आणि सापांनी भरलेला होता. किर्लोस्करांनी निवडुंग तोडून कारखाना उभा केला, पण आमच्या आजोबांच्या पिढीनं तोच निवडुंग बांधाला जपला. फुकटातलं कुंपण. बाकी राखण गोफणीनं आणि माळ्यावर जागून. पुढं पाणी आलं, ऊस-द्राक्षं आली, एकेक गुंठा मोलाचा झाला. निवडुंग गेला, काटेरी तार आली.

मग जनावरं आली. शेजारी सागरेश्वर आहेच. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या धडपडीतनं उजाड डोंगर हिरवा झाला, बाहेरनं हरणं आणून सोडली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. माणसानं उभं केलेलं जंगल, मला त्याचा अभिमानच आहे. पण चितळ-सांबराला हद्द कळत नाही. खाली हिरवा हरभरा, शाळू दिसला की ती उतरणारच. त्यात आता उसातली रानडुकरं.

याच काळात काहींनी सगळ्यात वाईट कुंपण शोधलं. लाईनवर आकडा टाकायचा किंवा मोटारीच्या पेटीतनं एक फेज थेट तारेला जोडायची. डुकरासाठी लावलेल्या तारेला चिकटून माणूस गेला, ही बातमी आपल्या भागानं किती वेळा वाचली आहे! आणि यातली क्रूर गंमत बघा. शेतीची लाईट पाळीनं रात्रीची येते. म्हणजे तार जिवंत होते त्याच वेळी शेजारचा माणूस बॅटरी घेऊन मोटार चालू करायला बांधावरनं चाललेला असतो. सन २००३ च्या विद्युत कायद्यात ही वीजचोरी, जनावर मेलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा, माणूस मेला तर सदोष मनुष्यवध. पण कायदा नंतर येतो, आधी माणूस जातो.

जगानंही हा धडा जीव गमावूनच घेतला. १९३० च्या दशकात अमेरिकेत लाईनवर जोडलेल्या घरगुती कुंपणांनी माणसं मेली. त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये बिल गॅलघर यांनी बॅटरीवरचं कुंपण बनवलं. फरक व्होल्टचा नाही. झटका मशीन आठ-दहा हजार व्होल्ट देतं, घरातली लाईन २३०. फरक वेळेचा आहे. मशीन सेकंदाला साधारण एकदा ठोका देतं, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ. मधल्या वेळात हात सुटतो. लाईनची वीज थांबतच नाही, स्नायू आखडतात आणि माणूस तारेला धरून राहतो.

दिवसा प्लेट बॅटरी भरते, रात्री बॅटरी मशीन चालवते. लाईट असो-नसो. दुखणी आहेतच. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की मशीन नुसतं टिकटिक करतं. खुरपं घेऊन बांधावर फिरावंच लागतं. निवडुंगाइतकं हे बिनघोर नाही.

वनविभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला किमतीच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यातलं कमी असेल ते अनुदान ठरवलं गेलं. सागरेश्वरच्या कडेची आपली गावं त्यात बसतात का, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत मी लेखी देणार आहे. तुम्हीही द्या.

खरी भीती मला ढगाळ आठवड्याची वाटते. बॅटरी उतरली की 'आजची रात्र तेवढी' म्हणून तार लाईनला जोडणारे आहेत. निघताना मित्राला तेच विचारलं. तो म्हणाला, "दुसरी बॅटरी घरात चार्जिंगला असती. आणि ती बी उतरली, तर खाऊ दे की डुकराला दोन सरी."