भाकरीच्या ताटाचा इतिहास

राजांच्या मेजवान्यांचीं वर्णनें ग्रंथांत सांपडतात. कुणब्याच्या न्याहारीचें वर्णन सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत अन्नभोगाचें विस्तृत विवेचन आहे. त्यांत गव्हाचे मांडे आहेत, डाळींचा विदलपाक आहे, मांसाचे नाना प्रकार आहेत. परंतु त्याच राजाच्या राज्यांत नांगर धरणारा मनुष्य दुपारीं बांधावर बसून काय खात होता, हें जाणून घ्यावयाचें असेल तर ग्रंथ मिटून जमिनीकडे पाहिलें पाहिजे. महाराष्ट्रांतील स्वस्त व पोटभरीच्या घरगुती अन्नाचा इतिहास शेतांत, पावसाच्या मानांत आणि दुष्काळाच्या कागदपत्रांत विखुरलेला आहे. तो एकत्र केला म्हणजे असें दिसून येतें कीं, ज्याला ‘गरिबाचें जेवण’ असें नांव पडलें, तें जेवण शेत, ऋतु आणि शरीर यांचा मेळ बसवून अनेक पिढ्यांनीं विचारपूर्वक सिद्ध केलेलें आहे.

पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ सालीं उत्खननास आरंभ केला, तेव्हां इ. स. पू. सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आली. त्या लोकांचें मुख्य धान्य जव हें होतें, आणि त्याच्या जोडीला मसूर, वाटाणा, कुळीथ अशीं कडधान्यें पिकत. म्हणजे तृणधान्य आणि डाळ ही जोडी या भूमींत निदान तीन हजार वर्षांची जुनी आहे. त्यांतला कुळीथ अद्यापि कोकणांत पिठीच्या रूपानें भाताशीं नांदत आहे. जोंधळा आणि बाजरी हीं मूळचीं आफ्रिकेंतलीं धान्यें. समुद्रमार्गानें असोत वा खुष्कीनें असोत, फार प्राचीन काळीं तीं भारतांत आलीं आणि देशावरच्या मातींत अशीं रुजलीं कीं, तीं परकीं होतीं हें कोणाच्या ध्यानांतहि राहिलें नाहीं.

तीं येथें कां रुजलीं, याचें उत्तर सह्याद्रि देतो. घांटमाथ्यावर पाऊस कोसळतो. पण घांट ओलांडून पूर्वेकडे सोलापूर-बिडाकडे जावें, तों वर्षाकाठीं वीस-तीस इंचांवर समाधान मानावें लागतें. तेथील काळी माती मात्र ओल धरून ठेवते. भाद्रपद-आश्विनांत पेरलेली शाळू ज्वारी पुढें पाऊस पडो वा न पडो, त्या सांठलेल्या ओलीवर पोसते आणि माघ-फाल्गुनांत काढणीला येते. त्याच जमिनींत, त्याच हंगामांत हरभरा होतो. ज्वारीच्या कडेनें करडईच्या ओळी घालण्याची जुनी चाल आहे. तिच्या कांट्यांमुळें जनावरें आंत शिरत नाहींत, कोवळ्या पानांची भाजी होते आणि बियांचें तेल निघतें. आतां ताटाकडे पाहावें. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचें पिठलें, त्यावर करडईच्या तेलाची धार आणि शेजारीं हातानें फोडलेला कांदा. हें ताट म्हणजे त्या एका शेताचेंच चित्र होय. धान्य माणसाला गेलें, तरी कडबा बैलांना उरतो, आणि बैल जगला तरच पुढच्या वर्षाची भाकरी मिळते.

ज्वारीच्या पिठांत गव्हाप्रमाणें ग्लूटेन नांवाचा चिवट अंश नसतो. म्हणून तें पोळीसारखें लाटतां येत नाहीं. पीठ ताजें असावें लागतें, जुनें झालें कीं भाकरी थापतांना मोडते. ऊन पाण्यानें मळणें, परातींत थापणें, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवणें, या साऱ्या कृति त्या पिठाच्या स्वभावांतून निघालेल्या आहेत. डाळीची जोडहि अशीच सहेतुक ठरते. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसीन हें द्रव्य कमी असतें, तें डाळींत भरपूर असतें. आणि डाळींत जें कमी, तें तृणधान्य पुरवितें. रसायनशास्त्रानें हें सांगितलें, त्याच्या कितीतरी आधीं खानदेशांतील गृहिणी ज्वारीबरोबर उडीद दळून कळण्याची भाकरी करीत होती.

ऋतुमानाचा हिशेबहि असाच सूक्ष्म आहे. पौषांत, संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगीं, गाजर, वालपापडी, ओला हरभरा, बोरें अशी मिश्र भाजी करण्याचा परिपाठ आहे. बाजरी आणि तीळ हीं दोन्हीं खरिपाचीं, त्या सुमारास नुकतीं घरांत आलेलीं. भाज्या तर ऐन हंगामांत. रूढि जें खावयास सांगते, तेंच त्या आठवड्यांत बाजारांत सर्वांत मुबलक आणि म्हणून सर्वांत स्वस्त असतें. पुढें ज्वारीचीं कणसें दुधाळलीं कीं हुरडा. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत सांडगे, कुरडया, पापड यांचें वाळवण. आणि पावसाळ्यांत मळ्यांतली भाजी दुर्मिळ झाली कीं रानांतला टाकळा, कुर्डू आणि भारंगी. जेव्हां कांहींच नसेल, तेव्हां डब्यांत वर्षभर टिकणारें डाळीचें पीठ आहेच. पाहुणा अवेळीं आला तरी पिठलें त्याला उपाशीं जाऊं देत नाहीं.

या परंपरेनें नव्याला दार लावलें होतें, असें मात्र समजूं नये. मानसोल्लासाच्या काळीं मिरची या देशांत नव्हती. तिखटपणा मिऱ्यांनीं आणि आल्यानें येई. मिरची, मका, बटाटा आणि भुईमूग हीं अमेरिकेंतलीं पिकें. समुद्रपर्यटनाचे नवे मार्ग खुले झाल्यावर, पंधराव्या शतकानंतर तीं इकडे पोंचलीं. बटाटा हें नांवच पोर्तुगीजांच्या तोंडचें. ज्या ठेंच्याला आज अस्सल गांवरान म्हणतात, त्यांतली मिरची आणि दाणे हे दोन्ही परदेशस्थच आहेत. फरक इतकाच कीं, त्यांना ताटांत स्थान मिळालें तें येथल्या मातींत तीं थोड्या खर्चानें पिकूं लागलीं म्हणून.

हा मेळ मोडला म्हणजे काय होतें, याची साक्ष दुष्काळ देतो. १८७६ सालीं पाऊस चुकला आणि दख्खनपासून मद्रास इलाख्यापर्यंत मोठा दुष्काळ पडला. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या आरंभीं दुष्काळी कामांवरील मजुराची रोजची तरतूद सुमारें दीड पौंड धान्यावरून एक पौंडावर आणली; वर किरकोळ खर्चापुरते नाममात्र पैसे. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं त्यास कडाडून विरोध केला. धान्य वाढवावेंच, पण डाळ आणि भाजीहि मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं काम सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसाला दिवसभर खडी फोडावयास लावून एक पौंड धान्य पुरतें, असें कागदावर ठरविणाऱ्यांना जें समजलें नाहीं, तें कोणत्याहि कुणबिणीला ठाऊक होतें. नुसती भाकरी हें जेवण होत नाहीं.

स्वातंत्र्यानंतरहि हा प्रश्न पुनःपुन्हा पुढें आला. १९७२ च्या दुष्काळांत अमेरिकेंतून आलेली मिलो ही तांबडी ज्वारी लोकांनीं नाखुशीनें खाल्ली. तिची चव ती पिढी विसरली नाहीं. १९९५ सालीं महाराष्ट्र शासनानें एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना काढली. ती २००० सालीं बंद झाली. २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हां तींत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात होता. पंचवीस वर्षांत स्वस्त जेवणाच्या सरकारी ताटांतून भाकरी गेली आणि चपाती आली.

या बदलाचीं कारणें त्या ताटापेक्षां मोठीं आहेत. शिधावाटपाच्या दुकानांत प्रामुख्यानें गहूं आणि तांदूळ स्वस्त मिळूं लागले. जेथें पाणी पोंचलें तेथें ऊंस आला, इतरत्र सोयाबीन. ज्वारी काढण्याचें काम कष्टाचें, आणि बैल कमी झाल्यावर कडब्याची ओढहि पूर्वीसारखी उरली नाहीं. पूर्वीं सणाला होणारी गव्हाची पोळी रोजची झाली, यांत सामान्य माणसाचें एक जुनें स्वप्नहि पुरें झालें. त्याला नांवें ठेवणें योग्य होणार नाहीं. परंतु पेरा घटला आणि भाकरी महागली. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, आणि शहरांतल्या उपाहारगृहांत भाकरी मानानें परत आली. पण जिच्या घरची ती होती, त्या मजूर बाईला ती विकत घेणें जड जाऊं लागलें.

मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकांत स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेलें एम ३५-१ हें वाण अद्यापि शेतकरी पेरतात, तें भाकरीची चव आणि कडब्याची प्रत या दोन्हींसाठीं. माणसाचें ताट आणि बैलाची दावण या दोहोंकडे एकाच वेळीं पाहणारी ही निवड होती. घरांतल्या पाककृति वह्यांत उतरवून ठेवल्यानें टिकतील, ही समजूत अपुरी आहे. शाळू शेतांत उभा राहिला, त्याच्या कडेला करडई फुलली आणि त्याच काळ्या रानांत हरभरा पिकला, तरच पिठलें-भाकरीचें ताट पुनः स्वस्त होईल.