टेक्स्ट एडिटरमधील पुनःशोध आज्ञा

एकदा शोधलेला शब्द किंवा नमुना पुन्हा टंकित न करता त्याच्या पुढच्या अथवा मागच्या जुळणीवर नेणारी आज्ञा म्हणजे पुनःशोध आज्ञा. अशा आज्ञेत चार गोष्टी आधीच ठरलेल्या असतात : काय शोधायचे, कोणत्या दिशेने शोधायचे, मजकूर संपल्यावर काय करायचे आणि जुळणी सापडल्यावर कर्सर कुठे ठेवायचा. साध्या एडिटरमध्ये हे निर्मात्याने ठरवून दिलेले असते. विम, ईमॅक्स यांसारख्या प्रोग्रामेबल एडिटरमध्ये मात्र वापरणाऱ्याला या चारही गोष्टी हव्या तशा बदलता येतात. मजकूर मराठी असेल, तर कळफलक आणि अक्षरांचे सांकेतन यांचीही वेगळी तजवीज करावी लागते.

पूर्वपीठिका : युनिक्सवरील जुन्या ईडी या ओळ-एडिटरमध्ये शोधाच्या दोन तिरप्या रेघांमध्ये काहीच लिहिले नाही, तर आधीचाच नमुना पुन्हा शोधला जाई. १९७६ मध्ये बिल जॉय यांनी लिहिलेल्या व्हीआय एडिटरने ही सोय एका कळीवर आणली. एन कळ त्याच दिशेने पुढे नेते, तर शिफ्ट-एन उलट दिशेने. ब्रॅम मूलेनार यांचा विम (१९९१) हा त्याच परंपरेतला. ईमॅक्सचा आरंभही १९७६ मधला, एमआयटीतला. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ईमॅक्समध्ये शब्द टंकित होत असतानाच शोध सुरू होतो.

विममधील बदल : विममध्ये एन कळीची दिशा मूळ शोधावर अवलंबून असते. शोध प्रश्नचिन्हाने, म्हणजे मागच्या दिशेने सुरू केला असेल, तर एन मागे जाते आणि शिफ्ट-एन पुढे. हा गोंधळ नको असेल, तर सर्चफॉरवर्ड हे अंतर्गत चल पाहून योग्य ती आज्ञा देणारी जोडणी विमआरसी फाइलमध्ये लिहितात. मग शोध कसाही सुरू झालेला असो, एन नेहमी खालीच जाते. प्रत्येक जुळणी पडद्याच्या मध्यावर यावी म्हणून एनपाठोपाठ झेड-झेड ही आज्ञा जोडण्याचीही पद्धत आहे. रॅपस्कॅन हा पर्याय बंद केला की शोध फाइलच्या शेवटी थांबतो. चालू असेल तर पुन्हा वरून सुरू होतो. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न पाळण्याचा पर्याय देवनागरीला लागू पडत नाही, कारण या लिपीत तो भेदच नाही.

ईमॅक्समधील बदल : ईमॅक्समध्ये कंट्रोल-एस दाबून शोध सुरू होतो आणि तीच कळ पुन्हा दाबली की पुढची जुळणी येते, कंट्रोल-आर मागे नेते. दिशा बदलताना पहिल्या दाबात कर्सर फक्त त्याच जुळणीच्या दुसऱ्या टोकाला जातो. एका दाबातच आधीच्या जुळणीवर जायचे असेल, तर आयसर्च-रिपीट-ऑन-डायरेक्शन-चेंज हे चल चालू करतात. मजकूर संपला की ईमॅक्स आधी शोध फसल्याचे सांगतो आणि पुढच्या दाबाला वरून सुरुवात करतो. हा थांबा आयसर्च-रॅप-पॉज या चलाने काढता येतो. ही दोन्ही चले अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून मिळतात. एकूण किती जुळण्या आणि त्यांतली कितवी समोर आहे, हे आयसर्च-लेझी-काउंट दाखवते. पुढच्या दिशेचा शोध संपल्यावर कर्सर जुळणीच्या शेवटी राहतो; तो आरंभी हवा असल्यास शोध संपताना चालणाऱ्या हुकमध्ये दोन ओळींचे फंक्शन पुरते.

कळफलक : विममध्ये मराठी लिहिताना पहिली अडचण कळफलकाची येते. इनस्क्रिप्ट मांडणीत एन कळीवर ल, शिफ्टसह ळ आणि तिरप्या रेघेच्या कळीवर य असतो. संगणकाचा कळफलक मराठीवर असताना नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे कळी आज्ञा म्हणून चालतात त्या अवस्थेत, एन दाबली, तर विमला ल मिळतो आणि काहीच घडत नाही. उपाय सोपा आहे : नॉर्मल मोडपुरता ल एनला, ळ शिफ्ट-एनला आणि य तिरप्या रेघेला जोडायचा. एन कळीवर आधीच दिशेची दुरुस्ती केली असेल, तर ही जोडणी पुनर्जोडणीला वाव देणाऱ्या एनमॅप आज्ञेने करावी लागते. एननोरमॅपने केल्यास ल मूळच्या एनकडेच जातो आणि दुरुस्ती निरुपयोगी ठरते. ईमॅक्सची स्वतःची देवनागरी-इनस्क्रिप्ट ही लेखनपद्धत वापरल्यास हा प्रश्न येत नाही. ती शोध चालू असतानाही कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ यांनी चालू-बंद होते आणि कंट्रोल-एसला धक्का लावत नाही.

शब्दरूपे आणि सांकेतन : ईमॅक्सचा शोध युनिकोडच्या चिन्हांवर चालतो, छापलेल्या अक्षरांवर नाही. डहाणू तालुक्यातील चिखले हे गावाचे नाव शोधले, तर ‘चिखले’ सापडते. पण ‘चिखल्यात’, ‘चिखल्याहून’ ही रूपे निसटतात. सामान्यरूपात ल पुढची ए ची मात्रा जाऊन तिथे हलन्त आणि य आलेले असतात. नुसते ‘चिखल’ शोधल्यास तिन्ही रूपे मिळतात, पण रस्त्यावरचा चिखलही मिळतो. म्हणून ‘चिखल’पुढे ए ची मात्रा किंवा हलन्तासह य, असा रेग्युलर एक्स्प्रेशनचा नमुना द्यावा लागतो. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. चिकू बागायतीवरच्या मजकुरातला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन-तीन प्रकारे साठवला जातो : ऱ या स्वतंत्र चिन्हाने, र आणि नुक्ता यांनी, किंवा र, हलन्त आणि शून्यरुंदीचा जोडक यांनी. पडद्यावर रूप एकच, पण साध्या पुनःशोधात त्यांतले एकच सापडते. ईमॅक्सच्या सर्च-डीफॉल्ट-मोड या चलाला स्वतःचे फंक्शन देता येते. ते टंकित शब्दातल्या ऱ्च्या जागी सर्व पर्याय असलेला नमुना तयार करते आणि त्यानंतरची प्रत्येक कंट्रोल-एस तो नमुना वापरते.

बदलासह पुनःशोध : सापडलेला शब्द काही ठिकाणीच बदलायचा असतो, तेव्हाही पुनःशोध लागतो; पत्त्यांतला जिल्हा बदलणे हे त्याचे उदाहरण. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके त्यात आले. चिखल्याचा पत्ता ‘ता. डहाणू, जि. ठाणे’ऐवजी ‘ता. डहाणू, जि. पालघर’ झाला. पत्त्यांच्या याद्यांत ‘ठाणे’ सरसकट बदलणे धोक्याचे असते. शहापूर, मुरबाड, भिवंडी हे तालुके ठाण्यातच राहिले, ठाणे शहराचे नाव आणि ‘पोलीस ठाणे’ही तसेच राहायला हवे, विभाजनापूर्वीच्या पत्रांची नक्कल करताना जुना जिल्हा बदलत नाहीत. पनवेल तालुक्यातही चिखले आहे आणि त्याचा जिल्हा रायगड. येथे एकेक जुळणी पाहून निर्णय घेणारी पद्धत उपयोगी पडते. विममध्ये शोध घेतल्यावर सी-जी-एन दाबून एकदा ‘पालघर’ लिहितात. मग एन कळ पुढची जुळणी दाखवते आणि बदल हवा असेल तेथे फक्त पूर्णविराम दाबतात. ईमॅक्समध्ये शोध चालू असतानाच ऑल्ट आणि टक्केचिन्ह दाबल्यास तोच शब्द बदलासाठी घेतला जातो. नवा शब्द दिल्यावर प्रत्येक जुळणीवर वाय म्हणजे बदल, एन म्हणजे पुढे. उद्गारचिन्ह दाबल्यास उरलेल्या सर्व जुळण्या न विचारता बदलतात, म्हणून ‘ता. डहाणू, जि. ठाणे’ असा पूर्ण नमुना दिलेला असेल आणि यादीत जुन्या पत्रांच्या नकला नसतील, तेव्हाच ते वापरावे.