कोर निवडणारे, कोर सोडणारे : अमेरिकन ड्रम कोरची शंभर वर्षे

१.
दर उन्हाळ्यात अमेरिकेतील काही हजार तरुण-तरुणी स्वतः पैसे भरून शाळांच्या व्यायामशाळांत फरशीवर झोपतात, दिवसाचे दहा-दहा तास उन्हात वाद्य घेऊन धावतात आणि रात्री बसमध्ये बसून पुढच्या गावी जातात. जिंकले तरी त्यांच्या हाती पैसा पडत नाही. बाविशीच्या आसपास तर त्यांना तेथून निघावेच लागते. ही ड्रम कोरची दुनिया. तिच्यात माणसे का येतात आणि का जातात, या प्रश्नाच्या उत्तरात एका संस्थेचा शंभर वर्षांचा इतिहास दडला आहे. (धागा)

२.
प्रथम ओळख. ड्रम कोर म्हणजे पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज, लाकडी रायफली व तलवारी फिरवणारा 'कलर गार्ड' यांचे पथक. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना येथे स्थान नाही. फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करायचा. उन्हाळाभर तोच घासून पुसून लखलखीत करायचा. मराठी वाचकाला ढोल-ताशा पथकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच, की पथकाचा सराव मिरवणुकीसाठी असतो. कोरचा सराव परीक्षकांच्या गुणपत्रिकेसाठी.

३.
या परंपरेचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी १९१९ साली 'अमेरिकन लीजन' ही संघटना स्थापन केली. गावोगावी तिच्या शाखा निघाल्या आणि शाखांनी आपापली ब्यूगल-ढोलांची पथके उभारली. १९२१ साली कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात राष्ट्रीय स्पर्धाही झाली. या पहिल्या पिढीला कोरमध्ये का आलात, असे विचारण्याची गरजच नव्हती. युद्धात जे सोबती लाभले त्यांच्याबरोबर पुन्हा पावलाला पाऊल जुळवणे, हेच कारण पुरेसे होते.

४.
मुलांची पथके त्यांच्या मागोमाग आली. मंदीच्या दशकात चर्च, बॉय स्काउट आणि लीजनच्या शाखा यांना वस्तीतल्या रिकाम्या पोरांना गुंतवून ठेवायचे होते. न्यू जर्सीतील गारफील्ड येथे १९३४ साली एका कॅथलिक पॅरिशने 'होली नेम कॅडेट्स' काढले. विस्कॉन्सिनमध्ये १९३८ साली 'मॅडिसन स्काउट्स', बॉस्टनमध्ये १९४० साली 'क्रुसेडर्स' आणि शिकागोत १९४८ साली स्काउट पथकातून 'कॅव्हेलिअर्स' उभे राहिले. यांतली बहुतेक मुले कामगार वस्त्यांतली होती.

५.
त्या काळी कोर 'निवडणे' हा शब्दप्रयोगच गैरलागू होता. ज्या गल्लीत घर, त्या गल्लीतली कोर. थोरला भाऊ जातो म्हणून धाकटा जाई. पॅरिशमधले पाद्री सांगत म्हणून आई पाठवी. गणवेश आणि ब्यूगल संस्थेकडून मिळे. ब्यूगलची रचना साधी असल्याने स्वरलिपी न येणारा मुलगाही ऐकून-ऐकून वाजवू शके. ज्या घरात वाद्य विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरातल्या मुलाला संगीताचे हे एकच दार उघडे होते. या मुद्द्याचे महत्त्व पुढे कळेल.

६.
आणि सोडण्याची कारणे? तीही वस्तीचीच. नोकरी लागली, लग्न ठरले, घर बदलले, की मुलगा कोर सोडे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीच्या सैन्यभरतीने अठरा-वीस वर्षांच्या वादकांच्या रांगा विरळ केल्या. पण जाणाऱ्याविषयी कोणाच्या मनात अढी नसे. आयुष्य पुढे सरके आणि रिकामी जागा शेजारचा मुलगा भरी. कोर त्या वस्तीची होती, तोवर माणसे गेली तरी ती टिकत असे.

७.
मुलींना मात्र हे दार अर्धेच उघडे होते. अनेक ठिकाणी त्यांना फक्त ध्वजपथकात घेत, काही कोरमध्ये तर प्रवेशच नसे. न्यू जर्सीतील ऑडबनसारख्या गावाने म्हणूनच केवळ मुलींची स्वतंत्र कोर उभी केली. १९७० च्या दशकात बहुसंख्य पथकांनी मुलींना वाद्ये दिली. तरी मॅडिसन स्काउट्सने सर्वांना प्रवेश देण्याचा निर्णय जाहीर केला तो थेट २०१९ साली. काहींनी कोर कधी निवडली नाही, कारण कोरने त्यांना आधीच वगळले होते.

८.
एकेकट्याने सोडणे निराळे आणि अख्ख्या पथकाने सोडणे निराळे. १९५८ साली होली नेम कॅडेट्सचे आपल्या पॅरिशशी बिनसले आणि पथक बाहेर पडून 'गारफील्ड कॅडेट्स' या नावाने स्वतंत्र झाले. छत्र देणारी संस्था एकीकडे आणि घाम गाळणारी मुले दुसरीकडे, असा पेच येथे स्पष्ट दिसतो. कोर कोणाची? पैसे देणाऱ्याची, की वाजवणाऱ्याची? पुढच्या साऱ्या घडामोडी याच प्रश्नाभोवती फिरतात.

९.
हाच पेच १९७१ साली देशपातळीवर उभा राहिला. स्पर्धांचे नियम अमेरिकन लीजन आणि 'व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स' या माजी सैनिकांच्या संघटना ठरवत. बूट चकाकतात का, बटणे जागच्या जागी आहेत का, याचीही तपासणी होई. राष्ट्रीय स्पर्धेसाठी पथकांनी देश ओलांडून यायचे, तिकिटे त्यांच्या जोरावर विकली जायची, पण पथकांच्या पदरी फारसे काही पडत नसे. त्याच वर्षी गारफील्ड कॅडेट्सनी मैदानावर शांततेचे चिन्ह रेखले. व्हिएतनाम युद्ध चालू असताना माजी सैनिकांसमोर हे घडले, हे लक्षात घेतले म्हणजे दोन पिढ्यांतली दरी ध्यानी येते.

१०.
त्या वर्षी शिकागो कॅव्हेलिअर्सचे डॉन वॉरन आणि वायोमिंगच्या 'ट्रूपर्स'चे जिम जोन्स यांच्या पुढाकाराने मध्य-पश्चिम व पश्चिमेकडील पाच कोर एकत्र आल्या. ट्रूपर्स, कॅव्हेलिअर्स, मॅडिसन स्काउट्स, ब्लू स्टार्स आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड. यापुढे सर्वांना मिळून बोलवा आणि रास्त मानधन द्या, ही त्यांची भूमिका. पूर्वेकडील पथकांनीही अशीच आघाडी केली. यांतून 'ड्रम कोर इंटरनॅशनल', म्हणजेच डीसीआय, जन्माला आली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि 'अॅनाहाइम किंग्जमेन' जिंकले. कोरनी आपल्या पालकांचे घर सोडले होते.

११.
स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागतेच. शाखा व पॅरिश यांचा आधार सुटला, तशी खर्चाची जबाबदारी पथकांवर आली. देशव्यापी दौरा म्हणजे बस, इंधन, भोजन, प्रशिक्षक. वर्गणी वाढली, बिंगोच्या खेळांतून पैसे उभे करावे लागले. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत शेकडो कनिष्ठ कोर होत्या. पुढे त्यांची संख्या काही डझनांवर आली. पहिले विजेते किंग्जमेनही स्पर्धेच्या मैदानातून नाहीसे झाले. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात वाजवणारी रेव्हिअरची '२७ वी लान्सर्स' १९८६ नंतर मैदानात दिसली नाही.

१२.
या पडझडीमागे खर्चाइतकेच आणखी एक कारण होते. अंतिम फेरीत बाराच कोर जात. आता प्रथमच वादकाला खरी निवड मिळाली आणि चांगला वादक गावची कोर सोडून बारांतल्या एखाद्या कोरकडे जाऊ लागला. त्याचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. तरुणपणीची दोन-तीनच वर्षे हाती असतात. पण त्याच्यामागे राहिलेले पथक दुबळे होई, पुढच्या वर्षी आणखी चौघे निघून जात आणि एखाद्या हिवाळ्यात सरावाला पुरेशी मुलेच येत नसत. एकाची योग्य निवड कित्येकांच्या कोरच्या मुळावर आली.

१३.
येणारा सदस्यही बदलला. शाळांच्या बँडनी १९७० च्या दशकापासून कोरची शैली उचलली आणि तेथे तयार झालेली मुले निवडचाचणीला येऊ लागली. एका पिस्टनच्या ब्यूगलला १९७७ मध्ये दुसरा व्हॉल्व्ह आणि १९९० मध्ये तिसरा व्हॉल्व्ह मान्य झाला. २००० साली कोणत्याही पट्टीची पितळी वाद्ये चालू लागली. संगीत अधिक समृद्ध झाले, हे निर्विवाद. मात्र ऐकून-ऐकून वाजवणारा गल्लीतला मुलगा आता दाराबाहेर राहिला. त्याची जागा महाविद्यालयात संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने घेतली.

१४.
गुणपद्धतीचाही निवडीवर परिणाम झाला. पूर्वी परीक्षक चुका मोजत. प्रत्येक चुकीमागे एक दशांश गुण कापला जाई. याला 'टिक' म्हणत. अशा पद्धतीत जोखीम घेणारा तोट्यात राही. १९८४ मध्ये डीसीआयने ती बंद केली आणि अवघड रचनांना मोल आले. जॉर्ज झिंगाली यांनी आखलेल्या वळणदार, सतत रूप पालटणाऱ्या कवायतींच्या बळावर गारफील्ड कॅडेट्स १९८३, ८४ आणि ८५ असे सलग तीन वर्षे विजेते ठरले. आता मुले 'यंदा तिथे काय नवे घडणार आहे' हे पाहून कोर निवडू लागली.

१५.
संपूर्ण पथकाने स्पर्धाच सोडल्याचे सर्वांत लक्षवेधी उदाहरण म्हणजे 'स्टार ऑफ इंडियाना'. उद्योगपती बिल कुक यांच्या पाठबळावर ही कोर १९८५ साली मैदानात उतरली आणि १९९१ मध्ये जिंकली. १९९३ मध्ये तिने बार्टोक व बार्बर यांच्या संगीतावर कठोर, अपरिचित वाटणारा कार्यक्रम रचला. काही ठिकाणी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. अंतिम फेरीत कॅडेट्सना ९७.४ आणि स्टारला ९७.३ गुण मिळाले. त्यानंतर स्टार स्पर्धेत परतली नाही. तिची वाट रंगभूमीकडे वळली आणि त्यातून घडलेल्या 'ब्लास्ट!' या प्रयोगाला २००१ साली टोनी पुरस्कार मिळाला. ही माघार नव्हती. गुणपत्रिकेच्या चौकटीत न मावणारी कला चौकटीबाहेर पडली.

१६.
आज कोर निवडताना काय पाहतात? क्रमांक, प्रशिक्षक, वाद्यविभागाचा लौकिक, ओळखीचे कोणी आहे का आणि शुल्क. हंगामाचे शुल्क कित्येक हजार डॉलर असते. शिवाय शिबिरांचा प्रवास आणि बुडालेली उन्हाळी कमाई. त्यामुळे सोडण्याच्या कारणांत पैसा वरच्या स्थानी असतो. दुखापत, अभ्यासक्रमाचा ताण, निवड न होणे ही कारणे त्यानंतरची. खुद्द सांता क्लारा व्हॅनगार्डलाही आर्थिक अडचणींमुळे २०२३ चा हंगाम सोडावा लागला. त्याआधी २०२० मध्ये महासाथीने सारी स्पर्धाच रद्द झाली आणि ज्यांचे ते शेवटचे वर्ष होते, त्यांचा निरोप मैदानाविना झाला.

१७.
एक कारण मात्र दीर्घकाळ उच्चारलेच गेले नाही. २०१८ साली 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' या वृत्तपत्राने कॅडेट्सच्या दीर्घकालीन संचालकांवरील लैंगिक गैरवर्तनाचे अनेक स्त्रियांचे आरोप प्रसिद्ध केले. संचालकांनी राजीनामा दिला आणि इतर कोरमधील तक्रारींनाही वाचा फुटली. १९८० च्या दशकातील अत्याचाराच्या आरोपांवरील दावा आणि आर्थिक ओझे यांपुढे २०२४ साली कॅडेट्सनी काम थांबवले. पॅरिशच्या तळघरातून निघालेल्या संस्थेचे ते नव्वदावे वर्ष होते. 'जमले नाही म्हणून सोडले' असे ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षे म्हटले गेले, त्यांतल्या काहींचे मौन आता निराळे वाचावे लागते.

१८.
शेवटी ते कारण, ज्यातून कोणीच सुटत नाही. वयोमर्यादा पूर्वी एकवीस होती, आता बावीस आहे. ती ओलांडणाऱ्याला 'एज-आउट' म्हणतात. ऑगस्टमध्ये अंतिम फेरीच्या रात्री त्याचा प्रवास संपतो. ज्यांना थांबवत नाही ते प्रौढांच्या कोरकडे वळतात. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी वाजवणाऱ्या या पथकांची स्वतंत्र संघटना १९६० च्या दशकात उभी राहिली होती. काहीजण प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर परततात.

१९.
निष्कर्ष असा, की ड्रम कोरमध्ये सोडून जाणे हा अपवाद नाही. संस्थेची घडणच त्यावर बेतलेली आहे. दरवर्षी मोठा हिस्सा जातो, म्हणून दरवर्षी कोणीतरी नव्याने निवड करावी लागते. वस्तीच्या काळात ही भरपाई आपोआप होई. आज ती दोन गोष्टींवर अवलंबून आहे : विश्वास आणि परवडणारे शुल्क. शंभर वर्षांत वाद्ये बदलली, नियम बदलले, मालक बदलले. घरात वाद्य नसलेल्या मुलासाठी १९३४ साली उघडलेले दार आज त्याच मुलासाठी उघडे आहे का, या एका प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही गुणपत्रिकेत सापडत नाही.

(धागा समाप्त)